उलटं टांगलेलं सरोवर

माझा नावाजलेला फोटो एकच. तो आमच्या गावच्या क्लबात त्रेचाळीस वर्षं उलटा टांगलेला होता. वर आभाळ आणि खाली पाणी असं सगळे समजत होते, प्रत्यक्षात वर पाणी होतं आणि आभाळ खाली. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि तो काढलेला तर मीच. जन्मभर मी पाण्यातल्या प्रतिबिंबांचेच फोटो काढत आलोय आणि त्यातलं मला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. गेल्या वर्षी घोड्यांची दुधं काढणाऱ्या एका बाईनं ती एका वाक्यात मोडीत काढली.

मी तेमिरकुल. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात फोटोग्राफर म्हणून लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पुढे वर्तमानपत्र बंद पडलं, माझं वेड काही बंद पडलं नाही. आता उन्हाळ्यात परगावची कॅमेरेवाली मंडळी मी वर डोंगरातल्या सोन-कुल सरोवरावर घेऊन जातो. त्यांना पहाटे उठवतो, काठच्या चिखलात पालथं झोपायला लावतो आणि गप्प राहायला सांगतो. नऊच्या सुमाराला वारा उठतो आणि खेळ संपतो. पण त्याआधीचे दोन-तीन तास सरोवर श्वासही घेत नाही. पलीकडचे बर्फाचे डोंगर अख्खेच्या अख्खे खाली उतरतात, पाण्याशी उभा राहिलेला घोडा आठ पायांचा होतो, आणि मधला काठ म्हणजे नुसती एक रेघ उरते. तिच्या वर कोणतं जग आणि खाली कोणतं, हे सांगता येत नाही. मी हे शेकडो वेळा पाहिलंय आणि दर वेळी अंगावर काटा येतो. ज्याच्या येत नाही त्यानं खुशाल जाऊन लग्नांचे फोटो काढावेत.

हल्लीची पोरं तर पहाटे उठायचीही तसदी घेत नाहीत. डोंगराचा फोटो काढायचा, काँप्युटरवर त्याचीच उलटी प्रत खाली चिकटवायची, झालं प्रतिबिंब. मी ते लांबून ओळखतो. कारण पाणी नक्कल करत नाही, पाणी खालून बघतं. काठावरून आपल्याला घोड्याची पाठ दिसते, पाण्याला त्याचं पोट दिसतं. आपल्याला टोपीचा शेंडा दिसतो, पाण्याला टोपीखालचा माणूस दिसतो. हे मी दर उन्हाळ्यात पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगतो. एवढं ज्ञान पाजळणाऱ्या माणसाच्या हातून पुढचं सगळं घडलं.

एप्रिलच्या शेवटी झूराकान-जेने घरी आली. जेने म्हणजे थोरल्या भावाची बायको. तिचा नवरा इशेनाली माझा चुलतभाऊ, माझ्याहून एका महिन्यानं मोठा. महिना तर महिना, मोठा तो मोठा. आमच्याकडे सून सासरच्या माणसांची नावं घेत नाही, धाकट्या दिराचंही नाही. त्यामुळे लग्न होऊन आली त्याच महिन्यात तिनं मला 'फोटोवाला' करून टाकलं, आणि आज मला नातवंडं झाली तरी बढती मिळालेली नाही. दीर-भावजयीची थट्टा आमच्यात चालते, नाही केली तर उलट रुसवा होतो. त्या दिवशी मात्र ती दारात थट्टा न करता आत आली, तेव्हाच मी ओळखलं की काम मोठं आहे.

इशेनाली आदल्या जूनमध्ये गेला. जन्मभर घोड्यांमागे राहिलेला माणूस, तबेल्याच्या भिंतीला टेकून बसला तो उठलाच नाही. आता वर्षाचं जेवण, ज्याला आम्ही आश म्हणतो, ते तोंडावर आलं होतं. त्या दिवशी घोडा कापतात, नातेवाइकांची सात गावं जेवतात, आणि कबरीवर काळा दगड बसवतात. दगडावर गेलेल्या माणसाचा चेहरा कोरलेला असतो. आमचे मौलवी दर वेळी त्याला नाक मुरडतात आणि दर वेळी त्यांचं कुणी ऐकत नाही.

अडचण अशी होती की इशेनालीचा चेहराच कुठे नव्हता. कॅमेरा दिसला की हा टोपी पुढे ओढायचा. पाच मुलांच्या पाच लग्नांत त्याची फक्त पाठ आहे, आणि एका फोटोत अर्धा कान. पासपोर्टावर एक फोटो होता, पण तो पाहून दगडावर कोरणाऱ्या मेदेरनं विचारलं म्हणे, की ह्यांना पोलिसांनी कधी पकडलं. जेनेला क्लबातला फोटो हवा होता, म्हणजे त्यातला चेहरा. मुलांचं म्हणणं, बाप चौसष्टाव्या वर्षी गेला, दगडावर बाविशीतला पोरगा बघून लोकांना वाटेल कुणी तरणाताठा गेला. ती कुणाचं ऐकत नव्हती.

माझ्या बायकोनं, सोनुनबूनं, चहा ओतला. जेनेनं पेला हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

"फोटोवाल्या, तुला खरं सांगू का," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षं संसार केला. माणूस वाईट नव्हता, हात उगारला नाही कधी. पण ह्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नाही. ताटात बघायचे, आभाळात बघायचे, घोड्यांकडे तर बघतच बसायचे. मी समोर आले की टोपी खाली. आता दगडावर तरी मला समोर बघणारे हवेत. पासपोर्टातले नकोत, ते सरकारकडे बघताहेत."

सोनुनबू हसली आणि मग तिनं हातातली किटली खाली ठेवली. आमच्या लहानपणी वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्यानं बायकोकडे बघणं म्हणजे निर्लज्जपणा. बहुतेकांचं ते दोन-चार वर्षांत सुटतं. इशेनालीचे वडील मात्र नव्वदी गाठेपर्यंत त्याच छपराखाली, त्याच चटईवर समोर बसलेले. ते गेले तोवर पोराची मान खालीच वळायला शिकली होती. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, कारण कळल्यानं काय होतं, बेचाळीस वर्षं परत येतात का.

तो फोटो मी काढला तेव्हा इशेनालीच्या लग्नाला बारा दिवस झाले होते. आमच्या सामूहिक शेतीतला पहिल्या नंबरचा घोडेवाला म्हणून वर्तमानपत्राला त्याचा फोटो हवा होता. मी नवी नोकरी आणि नवा झेनित कॅमेरा घेऊन कुरणावर गेलो. दुसऱ्या दिवशी उजाडताना काका, म्हणजे इशेनालीचे वडील, घोड्यांना पाण्यावर घेऊन आले. इशेनाली कुला नावाच्या घोडीला धरून गुडघाभर पाण्यात उतरला. घोडी पाणी पिऊन झाल्यावर मान वर करून उभी राहिली, तोही मान खाली घालून उभा राहिला, आणि पाण्यावरचे सगळे तरंग एकेक करून विरून गेले. मी एका दगडावर उभा होतो. समोर दोन इशेनाली, दोन घोड्या, दोन डोंगररांगा, आणि कुठे आवाज म्हणून नाही. मला आठवतंय, मी बटण दाबलं ते फोटो यावा म्हणून नाही, कशाला तरी धरून राहावं म्हणून. एकच फोटो मिळाला. मग घोडीनं अंग झाडलं आणि सगळं मोडलं.

फ्रुन्झेच्या प्रदर्शनात, म्हणजे आताच्या बिश्केकमध्ये, आमच्या राजधानीत, त्याला दुसरा नंबर मिळाला. एका जाणकारानं तर आभाळात उंच तरंगणाऱ्या एकट्या गरुडावर अर्धा रकाना लिहिला. मग फोटो मोठ्या चौकटीत घालून गावच्या क्लबात आला आणि पियानोच्या वर लागला. इशेनाली तो बघायला एकदाच आला. बराच वेळ उभा राहिला, मग हसला, टोपी सारखी केली आणि निघून गेला. मला वाटलं, गडी खूश झाला. जेने कधीच आली नव्हती. उन्हाळाभर कुरण, हिवाळाभर तबेला, तिला क्लबात कोण नेणार.

म्हणून दुसऱ्या दिवशी मीच तिला घेऊन गेलो. किल्ल्या सांभाळणारी बाई कुरकुरत दार उघडायला आली. मी जरा ऐटीतच होतो, खोटं कशाला बोलू. पियानोपाशी जाऊन मी बाजूला उभा राहिलो, बघणाऱ्याला नीट बघता यावं म्हणून.

जेने पियानोच्या अगदी जवळ गेली, तिनं डोळे बारीक केले, आणि म्हणाली, "ही आपली घोडी नव्हे."

मी म्हटलं, कुलाच आहे, मी स्वतः होतो तिथे.

"हिच्या उजव्या मांडीवर डागणीची खूण आहे. कुलाच्या डाव्या मांडीवर होती. अकरा उन्हाळे मी तिचं दूध काढलंय, डाव्या अंगाला गुडघा टेकून, डोकं तिच्या कुशीला लावून. ती डागणी रोज माझ्या कानाशी असायची. तू मला शिकवू नकोस." मग तिनं बोट वर केलं. "आणि ह्यांचा चाबूक बघ. जन्मभर उजव्या मनगटाला होता. इथे डाव्या. कुणाचा फोटो काढून आणलास रे?"

मी हसलो. बाईमाणूस, वय झालंय, दुःखात आहे, असं काहीतरी समजुतीचं बोलायला मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. डागणी खरंच उजव्या मांडीवर होती. मी त्या फोटोखालून किती वेळा गेलो असेन, त्याच्यावर भाषणं केली असतील, शाळेच्या पोरांना दाखवला असेल. घोड्यांत वाढलेला मी, घोड्याची मांडी मला दिसली नव्हती.

मी खुर्ची ओढली, वर चढलो आणि चौकट भिंतीवरून काढली. किल्लीवाली बाई ओरडायला लागली की सरकारी यादीतली वस्तू आहे, सही करा. मी ती जमिनीवर ठेवली, फिरवली आणि पियानोला टेकवून उभी केली.

आणि सगळं जागच्या जागी बसलं. डोंगरांना वजन आलं. घोडी पाण्यात उभी आहे हे माझ्या पोटऱ्यांना कळलं, जणू गारठा मलाच लागला. इतकी वर्षं वरच्या बाजूला जे थोडं गडद होतं आणि ज्याला मी पहाटेचं आभाळ म्हणत होतो, ते पाणी होतं. पाण्यातलं नेहमीच एक छटा गडद असतं, हे मीच लोकांना शिकवतो. गरुड खाली येऊन तरंगायला लागला. ती घोड्याच्या लिदीतली काडी होती. डागणी डाव्या मांडीवर आली, चाबूक उजव्या मनगटाला लागला. किल्लीवाली बाई "तोबा, तोबा" करत पियानोच्या स्टुलावर बसली. मला लाज वाटायला हवी होती, पण लाज नंतर आली. आधी मी नुसता थक्क झालो. एका सरोवरानं अख्ख्या गावाला, परीक्षकांना, जाणकारांना आणि मला त्रेचाळीस वर्षं फसवलं होतं, नुसतं स्तब्ध राहून. इशेनाली तेव्हा का हसला होता, तेही मला तिथे कळलं. त्यानं पहिल्या नजरेत ओळखलं होतं आणि भावाची अब्रू राखली होती.

चूक दुसऱ्या कुणाची नव्हती. वर कोणती बाजू आणि खाली कोणती, हे मीच ठरवलं होतं, मीच मागे खूण केली होती. कारणही आता समोर दिसत होतं. फोटो सरळ केल्यावर इशेनालीचा चेहरा गेला होता. खऱ्या माणसाची मान खाली होती आणि टोपीच्या काठाखाली नुसती सावली होती. चेहरा होता तो फक्त पाण्यातल्या माणसाला. मला चेहरा वर हवा होता, म्हणून मी पाणी वर टांगलं.

जेनेलाही ते दिसलं. "म्हणजे इतकी वर्षं लोक पाण्याला नमस्कार करत होते," ती म्हणाली. मग टोपीवर बोट ठेवून, "आणि आमचे हे टोपीतच. इथेही."

मी म्हटलं, पाण्यानं तर त्याला बघितलंय ना, पाण्याकडून घेऊ. निगेटिव्ह माझ्याकडे आहे.

निगेटिव्ह चहाच्या डब्यात निघाली. माझी डार्करूम म्हणजे आमची न्हाणी. खिडकीला रजई ठोकली, एन्लार्जर पाटावर ठेवला, ट्रे मांडले. जेने म्हणाली, मीही आत बसणार, आपल्या डोळ्यांनी बघणार. सोनुनबू बाहेरून म्हणाली की म्हाताऱ्या दिरासोबत अंधारात बसायला निघालीस, शोभतं का, मी बाहेरून कडी घालते. जेने उलट्या घातलेल्या बादलीवर बसली आणि म्हणाली, घाल बाई, याच्यात आता घाबरण्यासारखं काही उरलेलं नाही.

मी पाण्यातलं डोकं तेवढं मोठं केलं आणि कागद डेव्हलपरमध्ये सोडला. लाल उजेडात कागद आधी कोराच राहतो. मग कडेनं एक धूसर रेघ येते, मग भुवई, मग डोळ्याचा खळगा. आयुष्यभर पाहिलंय, तरी दर वेळी मी श्वास रोखतो. त्या दिवशी ट्रेच्या पाण्याखालून बावीस वर्षांचा इशेनाली वर आला. कोवळी मिशी, भुवईवर घोड्याच्या लाथेची खाच. आणि डोळे उघडे होते, अगदी पुरते उघडे. असा तो मी कधी पाहिला नव्हता. मान खाली घालून उभा असलेला माणूस घोडीकडे बघत नव्हता, पायांकडे बघत नव्हता. तो पाण्यातून बाहेर कुणाकडे तरी बघत होता, आणि त्याला फार आनंद झालेला होता.

जेने उठून ट्रेवर वाकली. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"कुणाकडे बघताहेत?" तिनं विचारलं.

नजर अगदी समोर नव्हती, थोडी आपल्या डावीकडे होती. मी तसं सांगितलं.

"डावीकडे सासरे होते, घोडे धरून," ती म्हणाली. "मी तुझ्या उजव्या हाताला होते. बादल्या घेऊन पाण्याला आले होते आणि तू वाट अडवून त्या दगडावर उभा. मी तिथेच थांबले होते. माझी मान खाली होती, सासऱ्यांसमोर वर कशी करणार." ती परत बादलीवर बसली. "घोडेच. बारा दिवस झाले होते लग्नाला, आणि असे डोळे, आणि घोड्यांकडे. ठीक आहे. हाच दे मेदेरला. माणूस जसा होता तसा दगडावर राहील."

ती उठून बाहेर गेली. मी आत उभा राहिलो. मला इतकं वाईट वाटलं की कागद चित्र पक्कं करणाऱ्या हायपोमध्ये टाकायचा तोही चिमटा विसरून हातानं टाकला. एका बाईला तिच्या माणसाचा चेहरा मिळवून द्यायला निघालो आणि काय मिळवून दिलं, तर उरल्यासुरल्या आशेवर पाणी.

कागद धुऊन मी दिवा लावला. नेहमीच्या सवयीनं आधी डाग-चरे तपासले, मग भुवईवरची खाच पाहिली, केस आहे की खाच म्हणून. खाच होती. डाव्या भुवईवर होती.

इशेनालीची खाच उजव्या भुवईवर होती. लाथ बसली तेव्हा मी तिथेच होतो, आम्ही पंधरा वर्षांचे होतो, रक्त पुसायला मी माझी टोपी दिली होती.

मी त्या न्हाणीत स्वतःला मोठ्यानं शिव्या घातल्या. एकाच माणसानं तीच चूक दुसऱ्यांदा केली होती, तीही पहिली कळली त्याच दिवशी. पाणी माणसाचं डोकं खाली करतं, एवढंच करतं. डावं-उजवं ते बदलत नाही. ते आपण बदलतो, डोकं वर आणण्यासाठी कागद फिरवताना. क्लबात मी तेच केलं होतं आणि आत्ता ट्रेमध्येही तेच केलं होतं. चाबूक डावीकडे गेला, डागणी उजवीकडे गेली, तशी खाच गेली. आणि नजरही.

मी जेनेला हाक मारली. ती येईना. म्हणाली, झालं ते झालं, चहा पिऊ दे. मी म्हटलं, चहा घेऊन आत ये, पण ये. माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण सोनुनबूसुद्धा तिच्यामागोमाग आत आली आणि आम्ही तिघं त्या एवढ्याशा न्हाणीत दाटीनं उभे राहिलो. मी दिवा घालवला, निगेटिव्ह पालथी घातली आणि दुसरा कागद ट्रेमध्ये सोडला.

तो पुन्हा वर आला. भुवई, खाच, डोळे. खाच उजव्या भुवईवर. जेनेनं हात पुढे केला, ओल्या कागदाला न लावता त्या खाचेवर बोट धरलं, आणि म्हणाली, "हे. हे आमचे." आधीचा चेहरा कुठे तरी चुकतोय हे तिला वाटत होतं म्हणे, पण मनातलंच असेल म्हणून बोलली नाही.

मग तिनं नजर आपल्या कोणत्या हाताला जाते ते पाहिलं. उजवीकडे.

"इकडे मी होते," ती म्हणाली, आणि लगेच, "पण खाली बघताहेत हे. पाण्यात. मी पाण्यात नव्हते, मी काठावर होते."

मी तिला सांगितलं. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण मी भरभर बोलत सुटलो, कारण इतकी वर्षं जे मी सरोवराच्या काठी पाठ केलं होतं ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. पाण्यात ज्याचे डोळे आपल्याला दिसतात, त्याला त्याच पाण्यात आपण दिसतो. याला अपवाद नाही. काठावरून बघणाऱ्याला इशेनाली म्हणजे खाली घातलेली मान होती, काकांना तर टोपीच दिसत असणार, मुलगा मर्यादेनं उभा आहे असंच त्यांना वाटलं असणार. आणि तो सगळ्यांच्या देखत, आपल्या बापाच्या देखत, पाण्यातून मनसोक्त बघत होता. तूही पाण्यात होतीस, जेने. पायांपासून डोक्यापर्यंत, बादल्यांसकट, त्याच्यासमोर. तू मान खाली घातली होतीस, पण बादलीकडे बघत होतीस. दोन हात पुढे पाण्यात बघितलं असतंस तर तुमची नजरानजर झाली असती.

सोनुनबूनं माझा दंड धरला होता.

"तुझ्याकडे बघत असतील," जेने शेवटी म्हणाली. तिला खोटी आशा नको होती. "कॅमेऱ्याकडे. नवीन होता ना तो."

"कॅमेऱ्याकडे बघणारा फोटोत सरळ समोर बघतो," मी म्हणालो. "याची नजर माझ्या उजव्या हाताला जाते, माझ्यापासून हातभर लांब. तिथे काय होतं ते मला माहीत नाही. माझं लक्ष तिकडे नव्हतं. तू सांगितलंस, तेवढंच मला ठाऊक."

ट्रेमध्ये पाणी हललं आणि तो चेहरा जरासा हलला. वर्षभर काळं नेसलेली ती बासष्ट वर्षांची बाई, आमच्या दोघांच्या देखत लाजली. लाल उजेडात दिसलं नसेल म्हणाल, पण दिसलं. डोक्यावरचा रुमाल दोन्ही हातांनी पुढे ओढून तिनं कपाळापर्यंत आणला, नवी सून ओढते तसा. मग त्या ओल्या कागदावर वाकली आणि कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात त्याला रागावली.

"अहो, सासरे तिथेच उभे होते ना. लाज नाही वाटली?"